कौटुंबिक हिंसाचाराचे जागतिक प्रमाण

नवरा, जोडीदार किंवा घरातील इतर माणसांकडून स्त्रीला होणारी मारहाण, लैंगिक जबरदस्ती, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांना कौटुंबिक हिंसाचार म्हणतात. जगात तो किती आहे याचा बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये जाहीर केला. 2000 ते 2018 या काळातील देशोदेशीच्या पाहण्या त्यासाठी एकत्र केल्या होत्या. 15 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या किंवा जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी 27 टक्के जणींनी जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक हिंसा आयुष्यात एकदा तरी सोसली आहे, असे त्यातून दिसले. केवळ आधीच्या वर्षभराचा विचार केला तर हे प्रमाण 13 टक्के भरते. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्येही आयुष्यात एकदा तरी अशी हिंसा सोसल्याचे प्रमाण 24 टक्के आहे. म्हणजे मार सुरू व्हायला संसार जुना व्हावा लागत नाही. या आकड्यांत मानसिक छळ आणि पैशाची अडवणूक धरलेलीच नाही.

प्रदेशाप्रदेशांत मोठी तफावत आहे. पापुआ न्यू गिनीसह प्रशांत महासागरातील मेलानेशिया बेटांवर हे प्रमाण निम्म्याच्या वर जाते, दक्षिण आशियात ते 35 टक्के, तर दक्षिण युरोपात 16 टक्के आहे. त्याआधी 2005 मध्ये याच संघटनेने दहा देशांतील सुमारे 24 हजार स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपानमधील शहरी भागात 15 टक्के आणि इथिओपियाच्या ग्रामीण भागात 71 टक्के, ही त्यातली दोन टोके.

आकडा कसा निघतो हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ‘तुमचा छळ होतो का?’ असे थेट विचारले तर अनेकजणी ‘नाही’ म्हणतात, कारण अधूनमधून थोबाडीत बसणे त्यांच्या लेखी छळात मोडत नाही. म्हणून पाहणीत एकेक कृती विचारतात: नवऱ्याने ढकलले का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारले जातात.

तरीही बोलण्याची मोकळीक सगळीकडे सारखी नसते. युरोपीय संघाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 28 देशांच्या पाहणीत डेन्मार्कचे प्रमाण 32 टक्के, फिनलंडचे 30 टक्के, तर पोलंडचे 13 टक्के निघाले. स्त्री-पुरुष समतेत अग्रेसर देशांत हिंसा जास्त कशी, हा वाद अजून मिटलेला नाही. तिथल्या स्त्रिया अधिक उघडपणे सांगतात हे एक कारण दिले जाते. पण सगळी तफावत त्यावर ढकलणे सोयीचे असले तरी पटण्याजोगे नाही.

भारतात 2019–21 च्या पाहणीनुसार 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 25 टक्के, गोव्यात 8 टक्क्यांच्या आसपास, तर कर्नाटकात सुमारे 44 टक्के आहे. कर्नाटकाचा आकडा आधीच्या पाहणीत 21 टक्क्यांच्या घरात होता. चार-पाच वर्षांत मारहाण दुप्पट झाली असे मानणे कठीण. उत्तर देण्याची तयारी किंवा विचारण्याची पद्धतही बदलली असण्याची शक्यता आहे.

पोलीस ठाण्यात यातला अगदी थोडा भाग पोहोचतो. पती वा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे देशभरात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार गुन्हे नोंदले गेले. ही संख्या मोठी दिसते, पण पाहणीतल्या प्रमाणावरून हिशेब केला तर हिंसा सोसलेल्या स्त्रिया काही कोटी भरतात. हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त 14 टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती आणि 77 टक्के जणींनी कुणाजवळ साधा उल्लेखही केला नव्हता. ‘घरातलं घरातच मिटवा’ हा सल्ला माहेरीही मिळतो आणि चौकीतही. ज्या जखमा लपत नाहीत त्या दवाखान्यात दिसतात. हे ओळखून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केले.

खुनांची नोंद तुलनेने पक्की असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात सुमारे 85 हजार स्त्रिया व मुलींचे खून झाले आणि त्यांतील सुमारे 51 हजार जणींचे मारेकरी जोडीदार किंवा नातेवाईक होते. दिवसाला सरासरी 140. पुरुषांचे बहुतेक खून घराबाहेरच्यांकडून होतात.

काही स्त्रिया या मोजणीच्या कक्षेतच येत नाहीत. भारतीय पाहणी 49 व्या वर्षी थांबते, त्यामुळे मुलाचा मार खाणारी म्हातारी तिच्यात सापडत नाही. पतीच्या हिंसेचे जे प्रमाण ठळकपणे छापले जाते त्यात सासू, दीर, नणंद यांच्याकडून होणारा त्रास धरलेला नसतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र सासरच्या या माणसांकडून होणारी हिंसा, तसेच माहेरी राहणारी बहीण व आई यांच्यावरची हिंसाही समाविष्ट आहे.