पंख नसलेला गरुड आणि हरवलेली नववी लीजन

इंग्लंडमधल्या रेडिंग शहराच्या संग्रहालयात काशाचा एक छोटा गरुड ठेवला आहे. उंची वीतभरही नाही. दोन्ही पंख गायब, पण अंगावरची पिसं इतकी बारकाईने उतरवलेली की दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचा हात डोळ्यांपुढे येतो. पंजे मात्र विचित्र वळलेले आहेत, एखाद्या गोलाला धरून बसल्यासारखे.

1866 साली सिल्चेस्टर या गावी, म्हणजे रोमन काळच्या कॅलेव्हा नगरात, जॉइस नावाच्या धर्मगुरूंना उत्खननात तो मिळाला. ही जमीन वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूकच्या मालकीची होती. त्याचे वडील, पहिले ड्यूक, आपल्याला चांगले ठाऊक आहेत: 1803 साली जालना भागातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तोच आर्थर वेलस्ली. गरुड सापडला तो नगराच्या मुख्य सभागृहाच्या अवशेषांत, जळालेल्या थरात. जॉइस यांची खात्री पटली की हा रोमन लीजनचा, म्हणजे फौजेचा, निशाणाचा गरुड आहे आणि शेवटच्या धामधुमीत कुणीतरी तो छपराच्या लाकडांत लपवून ठेवला असणार. या समजुतीतूनच पुढे विसाव्या शतकातली एक अतिशय गाजलेली कादंबरी जन्माला आली. पण त्यासाठी आधी हा गरुड रोमन सैनिकाचा कोण लागत होता, हे पाहायला हवं.

लीजन म्हणजे साधारण पाच हजार पायदळाची फौज, दहा तुकड्यांत विभागलेली. सुरुवातीच्या काळात तिच्यापुढे पाच प्राण्यांची निशाणं चालत: गरुड, लांडगा, बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर, घोडा आणि रानडुक्कर. इ.स.पू. 104 मध्ये रोमन सेनापती गायस मारियसने बाकीची काढून टाकली आणि गरुड एकटाच ठेवला, असं रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो. गरुड हा जुपिटर देवाचा पक्षी, म्हणून त्याच्या पंज्यात बहुधा विजेचं अस्त्र दाखवलेलं असे. छावणीच्या मधोमध निशाणांसाठी देवघर असे. सणासुदीला त्यांना सुगंधी तेल लावत. आपल्याकडे जरीपटक्याचा जो मान होता, तो आठवला की यातलं बरंच काही न सांगता कळतं.

हा गरुड वाहणाऱ्याला अक्विलिफर म्हणत. जर्मनीतल्या माइन्झला अशा एका गरुडधाऱ्याचा समाधीचा दगड आहे. ग्नेयस म्यूसियस, उत्तर इटलीतल्या वेलेया गावचा, चौदाव्या लीजनचा अक्विलिफर. वय 32, नोकरी 15 वर्षं. हातातल्या काठीवर पंख उभारलेला गरुड आणि छातीवर मिळालेली पदकं. दगड बसवणारा त्याचा भाऊ मार्कस, तोही सैन्यातच, सेंचुरियन म्हणजे तुकडीचा अधिकारी. 32 मधून 15 वजा केले की हा मुलगा सतरा वर्षांचा असताना घर सोडून निघाला होता, एवढं कळतं. मोठमोठ्या सेनापतींच्या चरित्रांपेक्षा मला हा एक दगड लीजनबद्दल अधिक सांगतो.

गरुडाची खरी ताकद तो हरवण्याच्या भीतीत होती. इ.स.पू. 55 मध्ये सीझरची जहाजं ब्रिटनच्या किनाऱ्याला लागली तेव्हा पाणी खोल, समोर शत्रू, आणि सैनिक उतरायला तयार होईनात. दहाव्या लीजनचा गरुडधारी ओरडला, "उडी मारा गड्यांनो, गरुड शत्रूच्या हाती द्यायचा नसेल तर!" आणि त्याने स्वतः पाण्यात उडी घेतली. मग सगळेच उतरले. हे सीझरनेच लिहून ठेवलं आहे. दोनच वर्षांनी, इ.स.पू. 53 मध्ये, पूर्वेकडे कारहाईच्या रणात पार्थियनांनी, म्हणजे इराणकडच्या साम्राज्याच्या फौजेने, रोमन सेनापती क्रॅससची फौज कापून काढली आणि गरुड नेले. ती निशाणं परत मिळायला इ.स.पू. 20 उजाडलं, तीही सम्राट ऑगस्टसने लढून नव्हे, वाटाघाटींतून मिळवली. तरी त्याने तो विजयच मानला. नाणी पाडली, आणि प्रिमा पोर्ता इथल्या त्याच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या चिलखतावर अगदी मध्यभागी कोरलं आहे ते निशाण परत देण्याचंच दृश्य.

त्याच ऑगस्टसच्या म्हातारपणी, इ.स. 9 मध्ये, जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या जंगलात जर्मन सरदार अर्मिनियसने सेनापती व्हारसच्या सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी अशा तीन लीजन बुडवल्या. "क्विंटिलियस व्हारस, माझ्या लीजन मला परत दे," असं म्हणत बादशहा दारावर डोकं आपटायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. इतिहासकार फ्लोरस सांगतो की एका निशाणधाऱ्याने गरुड काठीवरून उपसला, कमरपट्ट्यात खुपसला आणि रक्ताळलेल्या दलदलीत दडी मारली. एक गरुड इ.स. 15 मध्ये आणि दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी हाती आला. तिसऱ्यासाठी 41 सालापर्यंत थांबावं लागलं. त्या तीन लीजनचे आकडे मात्र रोमने पुन्हा कोणत्याही लीजनला दिले नाहीत.

आता नववी लीजन, नववी हिस्पाना. ब्रिटनमध्ये तिने बरंच सोसलं. 60-61 सालच्या ब्रिटन राणी बुडिकाच्या बंडात तिचं पायदळ जवळजवळ सगळं गेलं. पुढे रोमन राज्यपाल अग्रिकोलाच्या मोहिमेत उत्तरेत रात्री तिच्या छावणीवर छापा पडला. यॉर्कमध्ये तिने बांधलेल्या वेशीचा शिलालेख 107-108 सालचा आहे. त्यानंतर ब्रिटनमध्ये तिचा तारीख असलेला उल्लेख नाही. काही दशकांनी रोममध्ये सर्व लीजनची नावं एका स्तंभावर कोरली गेली, त्यात नववी नाही. सम्राट हेड्रियनच्या काळात ब्रिटनांच्या हातून बरेच सैनिक पडले, असं रोमन लेखक फ्राँटोच्या एका पत्रात आहे. हे सगळं जोडून एकोणिसाव्या शतकात मॉमसेनसारख्या मोठ्या इतिहासकाराने मांडलं की नववी लीजन ब्रिटनमध्येच नष्ट झाली.

कथाकारांना आणखी काय हवं? 1865 साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने 1906 मध्ये 'पक ऑफ पूक्स हिल'मध्ये उत्तर ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणारा तरुण सेंचुरियन उभा केला. त्या गोष्टी एका आजारी मुलीला तिची आई वाचून दाखवायची. तिचं नाव रोझमेरी सटक्लिफ. लहानपणीच संधिवाताच्या दुर्धर आजाराने तिचं शरीर जखडलं, आयुष्याचा बराच काळ चाकांच्या खुर्चीत गेला, आणि नऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचताही येत नव्हतं. 1954 मध्ये तिने यॉर्कहून उत्तरेकडे निघून धुक्यात नाहीशी झालेली लीजन आणि सिल्चेस्टरचा पंख नसलेला गरुड ही दोन कोडी एकत्र बांधली, आणि 'द ईगल ऑफ द नाइन्थ' लिहिली.

त्यातला मार्कस पहिल्याच लढाईत पाय गमावल्यासारखा जायबंदी होतो आणि सैनिकी पेशा संपतो. वडील नवव्या लीजनबरोबर गेलेले. त्यांचं काय झालं आणि गरुड कुठे आहे, हे शोधायला तो एस्का नावाच्या ब्रिटन साथीदाराला घेऊन भिंतीपलीकडे जातो. गुलाम म्हणून विकत घेतलेल्या एस्काला निघण्याआधी तो मुक्त करतो, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणा तिथेच आहे. मार्कसचं लंगडणं लेखिकेने बाहेरून पाहून लिहिलेलं नाही. चढावर, पळताना, थंडीत, तो पाय वाचकाला सतत जाणवत राहतो. 2010 आणि 2011 मध्ये नवव्या लीजनवर आलेल्या दोन चित्रपटांत लढाया जोरदार आहेत, पण ही जाणीव माझ्यापर्यंत पोचली ती पुस्तकातूनच.

गरुडाचा मोह कादंबरीपुरता राहिला नाही. नेपोलियनने 1804 मध्ये आपल्या रेजिमेंटांना रोमन धर्तीचे गरुड वाटले, आणि वॉटर्लूला त्यातले दोन इंग्रजांच्या हाती पडले. तिथे इंग्रजांचा सेनापती होता तोच वेलिंग्टन, ज्याच्या मुलाच्या जमिनीत पुढे सिल्चेस्टरचा गरुड निघाला.

पुरावे मात्र पुढे सरकले. सिल्चेस्टरचा गरुड लीजनचा नव्हेच. वळलेल्या पंज्यांवरून तो जुपिटरच्या किंवा एखाद्या सम्राटाच्या पुतळ्याचा भाग असावा, असं आता मानतात. लीजनचा खरा गरुड आजवर एकही सापडलेला नाही. आणि नववी लीजन? कादंबरी आल्यानंतर पाचच वर्षांनी, 1959 मध्ये, हॉलंडमधल्या नाइमेखेनला तिच्या छापाचं कौल मिळालं. म्हणजे निदान तिचा काही भाग ब्रिटनमधून बाहेर पडला होता. पुढे तिचा अंत ज्यूंच्या 132 सालच्या उठावात झाला असेल किंवा 161 मध्ये आर्मेनियात पार्थियनांच्या हातून. यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत.

तिचा एक सरदार मात्र नक्की वाचला होता. जॉर्डनमधल्या पेट्राला डोंगराच्या कड्यात कोरलेली एक भव्य समाधी आहे, सेक्स्टियस फ्लोरेंटिनसची. इ.स. 127 मध्ये तो अरबस्तान प्रांताचा राज्यपाल होता. दर्शनी भागावर त्याने भूषवलेली पदं ओळीने कोरली आहेत आणि त्यांत नववी हिस्पाना या लीजनचं सेनापतिपद आहे. शिलालेखाच्या शेवटी म्हटलं आहे की ही समाधी अत्यंत प्रेमळ वडिलांसाठी, त्यांच्या मृत्युपत्रानुसार.