हेलसिंकी ते टोकियो: ७,८०० किलोमीटर की १२,९००?

हेलसिंकीहून टोकियो किती लांब, असं नेटवर शोधलं की साधारण ७,८०० किलोमीटर हा आकडा येतो. फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं विमान मात्र याच दोन शहरांमध्ये कधी कधी १२,९०० किलोमीटर उडतं. दोन्ही आकडे खरेच आहेत. पहिला पृथ्वीचा, दुसरा विमानाचा.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो जिथून जातो ते बृहद्वृत्त, म्हणजे सगळ्यांत जवळची वाट. नेटवरचा आकडा याच दोऱ्याचा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ ही ती वाट नव्हे, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. पट्टी आपल्याला कझाकस्तान, मंगोलियावरून नेते. दोरा सायबेरियात शिरतो आणि निम्म्या वाटेवर चक्क हेलसिंकीच्याही उत्तरेला असतो. जायचंय दक्षिणेला आणि वाट जाते आधी उत्तरेला! गोलावर दोरा लावून पाहिल्याशिवाय हे सहसा पटत नाही.

आता विमान. दोरा जवळजवळ सगळा रशियावरून जातो. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होणारा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. टोकियोहून निघालेलं विमान पॅसिफिकवरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे जातं, तिथून उत्तर ध्रुव ओलांडून फिनलंडला उतरतं. दुसरी वाट दक्षिणेची, मध्य आशियावरून. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही प्रवाशांच्या हाती पडतं. साडेतीन तास जास्त बसवल्याची भरपाईच म्हणा. फिनएअरला ही ध्रुवावरची वाट नवी नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं तेव्हा, १९८३ मध्ये, तिची डीसी-१० विमानं ध्रुवावरूनच टोकियोला थेट जाऊ लागली होती.

जास्त किलोमीटर म्हणजे जास्त वेळ, असंही नेहमी नसतं. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजार किलोमीटरहून जास्त वाढली, तरी विमान आधीपेक्षा लवकर पोचू लागलं. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अटलांटिकवर ते समोरून यायचे, पॅसिफिकवर पाठीशी आले.

आणखी एक. विमानांचे आकडे शहरापासून शहरापर्यंतचे नसतात, विमानतळापासून विमानतळापर्यंतचे असतात. टोकियोचा हानेदा विमानतळ शहरातच आहे, पण नारिता मध्य टोकियोपासून साधारण ६० किलोमीटरवर. तेवढं अंतर रेल्वेने किंवा बसने कापायचं.