एअरब्रशची सफाई: थिनर मुरू द्या, फवारू नका

एअरब्रश म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन. त्याच्या नोझलचं, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या टोकाचं, भोक साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं. त्यात वाळलेल्या रंगाचा एवढासा कण अडकला, तरी फवारा तिरका जातो किंवा शिंतोडे उडू लागतात. ॲक्रिलिक रंग ओला असतो तेव्हा प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो आणि तो पाण्याला दाद देत नाही. मग थिनर, म्हणजे ॲसिटोन किंवा लॅकर थिनरसारखा रंग सोडवणारा द्रव, हाती घ्यावा लागतो.

थिनरचे रेणू प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतात. पापुद्रा आधी फुगतो, मऊ पडतो आणि मग सुटतो. याला वेळ लागतो, जोर नव्हे. तरीही अनेक जण कपात थिनर ओततात, खटका दाबतात आणि सगळा हवेत उडवून टाकतात. माझ्या मते या कामातली सर्वांत घातक सवय हीच.

१ मिलिलिटर द्रवाचा एकच गोल थेंब धरला, तर त्याचं पृष्ठफळ जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर भरतं. तोच द्रव २० मायक्रॉन (०.०२ मिलिमीटर) व्यासाच्या थेंबांत फुटला की ३,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ६०० पट! बाष्पीभवन पृष्ठभागावरूनच होतं, त्यामुळे बघता बघता सगळ्याची वाफ होते. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने ती खाली बसते आणि जमिनीलगत पसरते. हवेत ती अडीच टक्क्यांच्या आसपास झाली, तरी ठिणगीने पेटू शकते. आता एअरब्रशला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर कुठे असतो ते आठवा: बहुधा जमिनीवरच. दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो आणि त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. म्हणून कॉम्प्रेसर लांब हवा, खिडक्या उघड्या हव्यात आणि वाफेच्या वाटेत साध्या पंख्याची मोटर नको.

धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे, वाफ त्यातून आरपार जाते. सेंद्रिय वाफांसाठीचा, सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मास्कच लागतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असंही नाही. नाक वासाला सरावतं. नायट्राइल रबराचे पातळ हातमोजे ॲसिटोनपुढे काही मिनिटंच टिकतात, ब्युटिल रबराचे बरेच जास्त. एअरब्रशमधल्या गळती रोखणाऱ्या काही रिंगाही नायट्राइलच्याच असतात आणि ॲसिटोनमध्ये फुगतात. टेफ्लॉनच्या रिंगांना मात्र काही होत नाही.

म्हणून आधी सुई मागच्या बाजूने ओढून काढा, मग नोझल सोडवा. नोझल झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, बुडेल एवढ्याच ॲसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. अख्खा एअरब्रश बुडवू नका. सुई थिनरच्या फडक्याने शेपटाकडून टोकाकडे पुसा. उलट पुसली तर टोक वाकतं आणि बोटातही घुसतं. शेवटी नळीत राहिलेला अंश काढायला फवारणं भागच असेल, तर फिल्टर असलेल्या क्लीनिंग पॉटमध्ये (फवारा आत धरून ठेवणाऱ्या बरणीत), कमी दाबाने, दोन-चार झटके पुरेत.

वापरलेला थिनर मोरीत ओतू नका. झाकणाच्या बरणीत ठेवला की रंगाचा बराचसा गाळ तळाशी बसतो आणि वरचा निवळ भाग पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतो. उरलेला गाळ घातक कचऱ्यात द्यावा.