प्रेतराज्य (अद्‌भुतिकेतील समाज)

प्रेतराज्य : मृत्युदेवतेची उपासना करणारा आणि प्रेतविद्येला, म्हणजे मेलेल्यांची शरीरे उठवून कामाला लावण्याच्या जादूला, राजमान्यता देणारा कल्पित समाज. अद्‌भुतिका (फँटसी) आणि व्हिडिओ गेम यांत तो वरचेवर भेटतो. एरवीच्या गोष्टींत प्रेत उठवणारा मांत्रिक स्मशानाच्या कडेला लपूनछपून राहतो. इथे तो सरकारी नोकर असतो, आणि सगळी गंमत या एका बदलात आहे.

प्रेतविद्येसाठीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ मृतांकडून गुपित जाणून घेणे एवढाच होता. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या 11व्या सर्गात त्याचा नायक ओडिसियस मृतांना बोलावण्यासाठी हातभर लांब-रुंद खड्डा खणतो, त्यात मध-दूध, मद्य व पाणी ओततो, वर जवाचे पीठ भुरभुरतो आणि मग मेंढ्यांचे रक्त सोडतो. त्याची स्वतःची आईसुद्धा ते रक्त पिईपर्यंत मुलाला ओळखत नाही. पण तिथे कोणी उठून नांगर धरत नाही. राबणारे प्रेत ही कल्पना बरीचशी कॅरिबियनमधल्या हैती देशाच्या ‘झोम्बी’कडून, म्हणजे जादूने उठवलेल्या प्रेताच्या लोकसमजुतीतून आली. तिच्यामागे ऊसमळ्यांवरच्या गुलामांची भीती आहे : मेल्यावरही सुटका नाही.

महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्य मृतसंजीवनी विद्येने मेलेले दानव उठवतात, आणि ती विद्या मिळवायला देवांना कचाला पाठवावे लागते. मात्र संजीवनीने उठलेला माणूस पूर्वीचाच असतो, भूक-तहान आणि हट्टासकट. प्रेतराज्यात उठते ते फक्त शरीर.

यातून देवतेची अडचण उभी राहते. मृत्युदेव म्हणजे मुळात हिशेबनीस. गेलेला परत आला की त्याची वही चुकते. म्हणून अनेक कथांत तो प्रेतविद्येचा कट्टर शत्रू असतो. प्रेतराज्य रचणारा लेखक बहुधा एक पळवाट काढतो : आत्मा देवाचा, देह समाजाचा. मग पुजारी हा देह ठरावीक मुदतीसाठी मोकळा करून देणारा अधिकारी ठरतो. देह द्यायला मृताने जिवंतपणी होकार दिला होता का, कर्जदाराच्या मुडद्यावर सावकाराचा हक्क किती, विधवेने रोज शेतात नवऱ्याला पाहायचे का, हे प्रश्न अशा कथेचा खरा ऐवज. बहुतेक लेखक ते टाळून थेट लढाईला लागतात.

मालमत्तेच्या प्रश्नाला इतिहासातला जवळचा दाखला दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याचा आहे, जरी तिथे जादू नव्हती. मेलेल्या सम्राटाची जमीन आणि वाडे त्याच्या ममीच्या नावे राहत. कारभार वंशज पाहत. सणाला ममी राजधानी कुझकोच्या चौकात आणून बसवत, त्यांच्यापुढे मक्याची दारू ठेवत, आणि त्यांच्या वतीने सेवक बोलत. नव्या सम्राटाला वारशात गादी मिळे, वाडा मिळत नसे. तो त्याला स्वतः उभारावा लागे. 1559 मध्ये स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने लपवलेल्या राजममी शोधून काढल्या.

चित्रणातला नेहमीचा दोष म्हणजे सजावट. जिकडेतिकडे कवट्या, काळे झगे, हिरवा उजेड. ज्या घरात पणजोबा रोज सकाळी पाणी भरतात, तिथे कवटी दारावर कोण कशाला टांगेल?