उसन्या आकड्यांवरचा वारा: कोलंबिया गॉर्जमधल्या अंदाजामागची गोष्ट

ओरेगनमधे पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या कडेकडेने पूर्वेला तासभर गाडी हाणली की हूड रिव्हर हे गाव येतं, आणि जून ते ऑगस्टमधे गावातल्या कुठल्याही कॉफीच्या रांगेत उभं राहिलात तर एकच विषय कानावर पडतो, आज वारा कुठेय. किती आहे हा प्रश्न नंतरचा, आधी कुठे. मी राहतो पोर्टलंडशेजारच्या बीव्हर्टनला, चाळिशी उलटल्यावर विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने धावण्याचं, खूळ डोक्यात शिरलं, म्हणजे निम्मा वेळ पाण्यात पडण्यात आणि निम्मा वेळ पार्किंगमधे म्हाताऱ्या सर्फरांच्या गप्पा ऐकण्यात जातो. त्या गप्पांतून आणि नंतर थोडं खणल्यावर एक गोष्ट ध्यानात आली की या लोकांनी वाऱ्याचा अंदाज बांधायला गेल्या चाळीसेक वर्षांत जे जे वापरलं त्यातलं बरंचसं त्यांच्यासाठी बनलेलंच नव्हतं. विमानतळाचं बॅरोमीटर, वीजवाल्यांचे मनोरे, पवनचक्क्यांसाठी केलेला अभ्यास, सगळी उसनवारी.

आधी जागा समजून घ्यायला हवी कारण सगळा खेळ जागेचाच आहे. पॅसिफिकच्या किनाऱ्याला समांतर अशी कॅस्केड पर्वतरांग उभी आहे, आपल्या सह्याद्रीसारखीच पण बरीच उंच, आणि तिच्यात जवळजवळ समुद्रसपाटीला असलेली आरपार खिंड या भागात एकच, कोलंबिया नदीने कापलेली. हाच गॉर्ज. लांबी साधारण १३० किलोमीटर, खोली काही ठिकाणी १२०० मीटरपर्यंत. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरची पालघाटची खिंड माहीत असेल तर तसंच समजा, फक्त इथे भिंती जवळ जवळ आहेत आणि मधून एक अवाढव्य नदी वाहते. उन्हाळ्यात पश्चिमेला समुद्रावर गार, जड हवा, तिचा दाब जास्त, आणि डोंगरापलीकडे पूर्व वॉशिंग्टन आणि ओरेगनचा कोरडा प्रदेश तापून तिथला दाब कमी. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना, तेच, पण इथे त्या खाऱ्या वाऱ्याला जायला अख्ख्या डोंगरात एकच दार उघडं आहे, मग तो त्यातून घुसतो आणि घुसताना जोर धरतो.

आता हा दाबातला फरक किती असावा? पोर्टलंड आणि हूड रिव्हरच्या पूर्वेचं द डॅल्स या दोन ठिकाणांत ३-४ मिलिबारचा फरक दिसला की हूड रिव्हरमधे लोक ऑफिसात पोट दुखायला लागल्याचं सांगतात. ३-४ मिलिबार म्हणजे काहीच नाही हो, बॅरोमीटर घेऊन तळमजल्यावरून दहाव्या मजल्यावर चढलात तर साधारण तेवढाच फरक पडतो. एवढ्याशा फरकावर माणूस उभ्याने पाण्यावरून उडत जातो.

आणि दुसरी मजा म्हणजे नदी वाहते पश्चिमेला, वारा येतो पश्चिमेकडून, दोघं समोरासमोर. त्यामुळे एकतर पाण्यावर जाड उसळत्या लाटा तयार होतात, नदीत, समुद्र जवळपास दोनशे किलोमीटरवर असताना, आणि शिवाय वारा पडला किंवा काही मोडलं तरी वाऱ्याने जितकं वर ढकललं त्यातलं थोडं प्रवाह परत आणून देतो. अर्थात पाणी इतकं रुंद आणि संथ मुळात नव्हतं. १९३८ मधे बॉनव्हिल धरण झालं आणि त्याच्या फुगवट्याखाली जुने धबधबेवजा उतार बुडाले, तो फुगवटा हूड रिव्हरवरून पुढे पार द डॅल्सपर्यंत जातो. म्हणजे ज्या पाण्यावर आम्ही खेळतो ते पाणीसुद्धा वीजवाल्यांचंच. इथे एक कडू गोष्ट सांगून पुढे जातो, वरच्या अंगाला १९५७ मधे द डॅल्स धरण झालं तेव्हा सेलायलो धबधबा बुडाला, तिथल्या मूळ रहिवाशांची हजारो वर्षांची सॅमन पकडायची जागा काही तासांत गेली.

वाऱ्याची लेखी नोंदही जुनी आहे. ऑक्टोबर १८०५ मधे अमेरिकन सरकारने पाठवलेली लुईस आणि क्लार्क यांची शोधमोहीम याच नदीतून समुद्राकडे चालली होती, आणि २८ तारखेला क्लार्कने लिहिलंय की वाऱ्यामुळे आम्ही अडकून पडलोय पण इथल्या लोकांना त्याचं काहीच नाही, त्यांच्या होड्या मोठ्यात मोठ्या लाटांसाठीच बनवलेल्या आहेत. हे मला फार आवडतं, कारण गॉर्जमधल्या वाऱ्याबद्दलची ही बहुतेक पहिली लेखी तक्रार आणि तिच्यातच हेही कबूल केलंय की माहितगार माणसाला हाच वारा चालतो.

नंतर रेल्वे आली. हूड रिव्हरच्या पश्चिमेला व्हिएंतो नावाचं एक पार्क आहे, विंडसर्फरांची जुनी जागा. स्पॅनिशमधे व्हिएंतो म्हणजे वारा, त्यामुळे बघा किती समर्पक नाव असं प्रत्येक नवा माणूस म्हणतो, मीही म्हटलं होतं. प्रत्यक्षात ते नाव पडलं व्हिलार्ड, एंडिकॉट आणि टोलमन या रेल्वेशी संबंधित तीन आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून. योगायोग, पण असा योगायोग दुसऱ्या कुठल्या स्टेशनाला लाभला नसता.

वारा गंभीरपणे मोजायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकात, तेलाचे भाव भडकल्यावर. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी पवनचक्क्या कुठे लावता येतील ते शोधायला घेतलं, आणि प्रत्येक टेकडीवर यंत्र बसवणं परवडणार नव्हतं म्हणून त्यांनी झाडं वाचली. गॉर्जमधली फरची झाडं बघितली की कळतं का ते, खोडाच्या एकाच बाजूला फांद्या, दुसरी बाजू तासून काढल्यासारखी, झाड नसून झेंडा लावलाय असं वाटतं. फांद्या किती वळल्यात त्यावरून वर्षभराचा सरासरी वारा किती याचा हिशेब मांडला गेला. आणि तिथला एक तपशील प्रत्येकाने जाऊन बघावा, गॉर्जच्या पश्चिम टोकाला झाडांचे झेंडे पश्चिमेकडे फडकतात आणि पूर्वेकडे जावं तसे ते पूर्वेकडे वळतात. पश्चिम टोकाला हिवाळ्यातला पूर्वेचा वारा मालक, पूर्व टोकाला उन्हाळ्यातला पश्चिमेचा. नकाशा झाडांनीच काढून ठेवलाय.

मग १९८१ मधे गोल्डनडेलजवळ गुडनो हिल्स इथे सरकारी प्रयोग म्हणून प्रत्येकी अडीच मेगावॅटच्या तीन प्रचंड पवनचक्क्या उभ्या राहिल्या, ९१ मीटर व्यासाचं पातं. काही वर्षांतच त्या काढल्या. पण बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन ही जी केंद्र सरकारची वीजसंस्था आहे, तिने वारा मोजणाऱ्या मनोऱ्यांची साखळी पुढे चालूच ठेवली. तिचे आकडे आज दर पाच मिनिटांनी सगळ्यांसाठी खुले असतात आणि इथला प्रत्येक सर्फर ते फोनवर बघतो. वीजवाल्यांना कोणी ओल्या कपड्यातला माणूस आपलं पान उघडून बसेल हे तेव्हा स्वप्नातही आलं नसेल.

विंडसर्फर आले ते साधारण याच सुमाराला. हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी कॅलिफोर्नियात बोर्ड आणि शिडाच्या जोडीचं पेटंट १९६८ मधे दाखल केलं होतं, आणि १९८० च्या दशकात गॉर्जची कीर्ती पसरली. हूड रिव्हर तोवर सफरचंद-पेअरच्या बागा आणि लाकडाच्या गिरण्यांचं गाव, तिथे एकदम जगभरातली पोरं व्हॅन घेऊन येऊन राहायला लागली, शिडं शिवणारी दुकानं निघाली. जुन्या गावकऱ्यांसाठी वारा म्हणजे फळगळ आणि उडालेले पत्रे. तो कोणीतरी हजार मैलांवरून शोधत येतंय हे पचायला त्यांना वेळ लागला असणार.

त्या काळात अंदाज कसा मिळायचा? सरकारी हवामान खातं सांगायचं ते मोठ्या पट्ट्यासाठी, आणि गॉर्जचं दुखणं असं की तो दोन ऑफिसांत वाटलेला, पश्चिमेकडचा भाग पोर्टलंडकडे आणि पूर्वेकडचा पेंडलटनकडे, आणि वारा तर दोघांच्या हद्दीतून एका दमात जाणार. मग लोकांनी स्वतःच जोडकाम केलं. रेडिओवर वाऱ्याचे रिपोर्ट, फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज ठिकाणांची नावं आणि आकडे वाचून दाखवायचा, पुढे पेजरसुद्धा आले. आणि मुख्य म्हणजे विमानतळांचे दाब. विमानांना उंची मोजायला दाब लागतो म्हणून तो दर तासाला नोंदला जातो, सर्फरांनी तो घेतला आणि वजाबाकी केली. पोर्टलंड वजा द डॅल्स. उत्तर अधिक आलं तर पश्चिमेचा, उणे आलं तर पूर्वेचा. (द डॅल्सचं विमानतळ गंमत म्हणजे द डॅल्समधे नाहीच, नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यात आहे.) मला एका पांढऱ्या दाढीवाल्या काकांनी त्यांची जुनी वही दाखवलेली, पानावर पेन्सिलीने तीन रकाने, दाब, दाब, आणि त्या दिवशी लावलेलं शीड किती चौरस मीटरचं होतं ते. वाऱ्याचा वेग कुठेच नाही. वारा जितका जास्त तितकं शीड लहान, म्हणून साडेपाच म्हणजे बेताचा, साडेचार म्हणजे मस्त, साडेतीन म्हणजे घरी बायकोला सांगू नका.

पण दाबाने किती ते कळतं, कुठे ते नाही, आणि त्यासाठी ढग बघायचे. समुद्रावरून आलेला गार थर सकाळी हूड रिव्हरच्या पश्चिमेच्या कॅस्केड लॉक्सपर्यंत राखाडी ढग घेऊन येतो, हूड रिव्हरला ऊन, तर मग जिथे ढग विरतात त्याच्या थोडं पूर्वेला वारा सगळ्यात जोरात. ढग फार आत घुसले, हूड रिव्हरलाच पाऊस भुरभुरायला लागला तर बोर्ड काढू नका, सरळ पूर्वेला रूफस किंवा आर्लिंग्टनच्या दिशेने गाडी घाला. आणि नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट म्हणजे कडक उन्हाळा. त्याला वाटतं पूर्वेला जेवढं तापेल तेवढा वारा जास्त, पण उष्णतेची लाट आली की कमी दाबाचा पट्टा डोंगर ओलांडून पश्चिमेला पोर्टलंडवर येऊन बसतो, दोन्हीकडे सारखंच तापतं, फरक संपतो, वारा संपतो. पोर्टलंडला चाळीस अंश आणि हूड रिव्हरला आरसा. खरी पर्वणी लाट मोडते त्या दिवशी, समुद्राची हवा एकदम आत घुसते आणि काल पंख्याखाली पडलेला माणूस आज सगळ्यात छोटं शीड शोधत फिरतो.

तोच पट्टा अजून पश्चिमेला सरकला की वारा उलटा फिरतो. पूर्वेचा हा वारा हिवाळ्यात तर पश्चिम टोकाच्या क्राउन पॉइंटवर ताशी १०० मैलांच्या वर झोत देतो, तिथे लोकांना गाडीचं दार उघडता येत नाही. सप्टेंबर २०१७ मधे ईगल क्रीकला फटाक्यामुळे आग लागली तेव्हा पूर्वेच्या वाऱ्यानेच ती पोर्टलंडच्या दिशेला पळवली, आणि ठिणग्या नदी ओलांडून वॉशिंग्टनमधे पडल्या. ज्या जागी आम्ही आकडे बघून खूश होतो तिथेच त्या आठवड्यात तेच आकडे बघून लोक सामान बांधत होते.

काइटवाल्यांची, म्हणजे शिडाऐवजी मोठ्या पतंगाने पाण्यावर ओढले जाणाऱ्यांची, गोष्ट वेगळी लिहावी लागेल पण थोडक्यात. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट १९८४ मधे घेतलं, आणि इकडे बिल रोसेलर आणि त्यांचा मुलगा कोरी यांनी पतंग आणि वॉटर-स्की जोडून काइटस्की बनवली, कोरी हूड रिव्हरच्या पाण्यावर ती घेऊन धावायचा. बिल बोइंगमधे वायुगतीचे इंजिनियर होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी फुगणारे पतंग बाजारात आले आणि नदीवर गर्दी झाली. पतंगाला मोकळी वाळू लागते, ती निसर्गानेच दिली, नोव्हेंबर २००६ मधे माउंट हूडवरून पुरात एवढा गाळ आला की हूड रिव्हर ही नदी जिथे कोलंबियाला मिळते तिथे वाळूचा दांडाच तयार झाला. काइटवाल्यांमुळे अंदाजाची मागणीही बदलली, कारण शीड जरा मोठं झालं तर हात दुखतात, पतंग मोठा झाला तर तो तुम्हाला उचलून नेतो. सरासरी नको, झोत सांगा, असं ते म्हणायला लागले.

२००० नंतर इंटरनेट आलं, किनाऱ्यावर खाजगी सेन्सर लागले, वेबकॅम आले, पहाटे उठून अंदाज लिहिणारी स्थानिक माणसं प्रसिद्ध झाली. २०१४ मधे एचआरआरआर हे हवामानाचा अंदाज काढणारं सरकारी संगणकी मॉडेल सुरू झालं, तीन किलोमीटरच्या चौकटी, दर तासाला नवीन हिशेब. त्याला गॉर्ज दिसत होता पण नीट नाही, गार थर किती जाड आणि कधी विरणार यात ते चुकायचं. आणि इथे परत उसनवारी! पूर्वेच्या पठारावर तोवर हजारो मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, वीज कधी येणार कधी जाणार हे कळेना म्हणून ऊर्जा खातं आणि हवामान खात्याने मिळून ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१७ असे अठरा महिने याच भागात लायडर (लेझरने मोजणारं), सोडार (आवाजाने मोजणारं), रडार असं काय काय लावून वारा मोजला, आणि त्यातून निघालेल्या सुधारणा २०१८ मधे एचआरआरआरमधे गेल्या. खर्च पवनचक्क्यांच्या नावावर, फायदा आमच्याही फोनवर.

तरी परवाच्या जुलैतली गोष्ट, मॉडेलने हूड रिव्हरला पंचवीस मैलांचा वारा दाखवलेला, मी साडेपाचचं शीड लावून दोन तास गवतावर बसलो, पाण्यावर एक बदक. ते वहीवाले काका गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत, काच खाली करून पश्चिमेकडे बोट केलं, ढग आमच्या डोक्यावर पोचलेले. मग फोनवर वीजवाल्यांचं पान उघडलं, पूर्वेकडच्या मनोऱ्यावर ३२. शीड गुंडाळलं, रूफस सत्तर किलोमीटर.