लायकाच्या बुडाचा खटका : पार्श्वभूमी

फिल्म पटापट पुढं न्यायचा हा खटकावाला वाइंडर १९३० च्या दशकातला. तेव्हाच्या लायकाला (जर्मन फिल्म कॅमेरा) वरती गोल नॉब, दर फोटोनंतर बोटांनी पिळायचा, तेवढ्यात फाइंडरवरचा डोळा हटलाच समजा. रोल खालूनच भरायचा त्यामुळे बुडाची प्लेट तशीही निघायची, तिच्या जागी खटक्याची प्लेट बसवली, डाव्या हाताच्या बोटानं ओढलं की फिल्म सरकते आणि शटरही भरतं. १९३८ ला चावीची मोटर पण आली, एका चावीत १२ फोटो. १९४० ला बॉडी जराशी लांब झाली, तिच्या मापाचा नवा वाइंडर पन्नाशीत आला, त्याचं नाव लायकाविट.

खरी भांडणं, म्हणजे लिव्हर पुरते की खटका हवाच ही, सुरू होतात १९५४ पासून, लायकाच्या एम३ मॉडेलपासून. तिला फिल्म ओढायला अंगठ्याची लिव्हर आली (आधी दोनदा ओढायची, १९५८ पासून एकदाच), आणि लिव्हर आहे तर खटका कशाला असं म्हणून की काय, वाइंडर ज्यात अडकतो ती खालची जोडणीच साध्या एम३ ला दिली नाही. पण १९५६ ला त्याच कंपनीनं प्रेसवाल्यांसाठी एमपी काढली, जेमतेम चारशेच्या आसपास, आणि तिला लायकाविट! म्हणजे गरज माहीत होती, बाकीच्यांना द्यायची नव्हती, मला तरी हा सरळ कंजूसपणा वाटतो. लिव्हर पुरते म्हणणाऱ्यांनी रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीवर (रंगाच्या पाण्यानं भरलेला हौद) उभं राहावं, एकामागून एक उड्या पडत असतात, अंगठा लिव्हरवर जाईपर्यंत माणूस रंगात बुडालेला. कॅननने त्याच १९५६ ला आपल्या व्हीटी कॅमेऱ्याच्या बुडातच खटका बसवून दिला, निकॉनने १९५७ ला एसपीला विजेची मोटर.

गंमत म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी लायकाची एम४-२ आली तिला सगळ्यांनी नावं ठेवली, टायमर काढला, स्वस्तात उरकली वगैरे, पण विजेच्या वाइंडरसाठी बुडाला जोडणी मात्र दिली. त्याच जोडणीवर पुढं कॅनडातल्या एका कारागिरानं हातानं चालणारा वाइंडर बनवून विकला आणि तो चालला पण मस्त. २००१ च्या सुमारास बेसा-टी हा दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ट्रिगर वाइंडर (हाच खटका) घेऊन आला, मग २००३ ला लायकालाही जाग आली, नवी एमपी आणि सोबत नवं लायकाविट. आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ त्याच साली, रामकुंडावर तेव्हा फिल्मवाले बरेच होते, पण नवीन लायकाविट परवडणारे किती असतील कोण जाणे. २००६ ला डिजिटल एम८ आली, तिचं शटर आतली मोटरच भरते, ओढायला काही उरलंच नाही.

त्यामुळे आज एमचा जुना वाइंडर घेताना लक्षात ठेवा, एम४-२, एम४-पी, एम६, एम७, नवी एमपी यांना बसतो, साध्या एम३, एम४ ला तसाच बसत नाही. विकणारा "सगळ्या एमला चालतो" म्हणाला तर आधी कॅमेऱ्याच्या बुडाची प्लेट काढून आतला फोटो मागवा.