समोरच्याने ‘बरोबर’ म्हणेपर्यंत

पावसाळा सरत आला की नाशिक जिल्ह्यात एका आकड्यावर सगळ्यांची नजर असते: खाली गोदावरीवरचं, मराठवाड्यातल्या पैठणजवळचं जायकवाडी धरण किती टक्के भरलं? १५ ऑक्टोबरला तिथला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली राहिला, तर वरच्या धरणांतून, म्हणजे आपल्याकडच्या गंगापूर, दारणा, पालखेड समूहांतून आणि अहिल्यानगरकडच्या मुळा, भंडारदऱ्यातून, खाली किती पाणी सोडायचं याचा हिशेब मांडला जातो. समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व २००५ च्या कायद्यात आहे, मेंढेगिरी समितीने त्याची सूत्रं घालून दिली, उच्च न्यायालयाचा निकालही २०१६ मध्ये आला. तरी टंचाईचं वर्ष उजाडलं की भांडण पुन्हा पहिल्या पायरीवर. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा इकडून विरोध झाला आणि पाणी लवकर सोडा म्हणून तिकडे मराठवाड्यात आंदोलनं झाली. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. एवढं पाणी नदीत सोडताना काठावरच्या माणसाच्या पोटात कालवाकालव होणारच.

या वादात मुद्द्यांची वानवा कोणाकडेच नाही. आपण म्हणतो, कोरड्या पात्रातून जाताना पाणी मुरतं, नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आणि उथळ आहे, तिथे बाष्पीभवन फार होतं. मराठवाडा म्हणतो, जायकवाडी बांधताना जेवढं पाणी येईल असं धरलं होतं तेवढं येत नाही, कारण वर धरणं वाढत गेली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण समोरच्याचे आकडे ऐकून कोणी ‘हो, तुमचं खरं आहे’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

असं का होतं, याचं एक उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं. आपलं निवडीचं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय अशी शंका जरी आली, तरी माणूस ते परत मिळवायला धडपडतो. त्याला ‘रिअ‍ॅक्टन्स’ म्हणतात. मतांचंही तसंच. समोरचा आपल्याला वळवायला आलाय हे कळलं की त्याचा मुद्दा कानावर पडण्याआधीच आपण त्याचं खंडन जुळवायला लागतो. मुद्दा जितका बिनतोड, तितकी तटबंदी भक्कम. म्हणजे वादात आपण ज्याला आपली ताकद समजतो, तेच पुष्कळदा आपल्या आड येतं.

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांना हे ब्रेमच्याही आधी दिसलं होतं. ते कॉलेजात गेले शेतीशास्त्र शिकायला, तिथून धर्मशास्त्राकडे वळले आणि शेवटी मानसोपचारात स्थिरावले. उपचारकाने सल्ले द्यायचे, निदान सुनवायचं, ही रीत त्यांनी बाजूला ठेवली. माणसाला कोणी निवाडा न करता, मनापासून समजून घेतलं तर तो आपणहून मोकळा होतो आणि बदलतो, असा त्यांचा अनुभव होता. ऑक्टोबर १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एका परिषदेत त्यांनी तोच अनुभव सार्वजनिक वादांना लावून पाहिला. संवादातला सर्वात मोठा अडथळा कोणता? समोरच्याचं बोलणं ऐकताक्षणी त्याला बरोबर किंवा चूक ठरवण्याची आपली सवय. भावना जितक्या तीव्र, तितकी ही सवय जोरात.

त्यावर त्यांनी एक प्रयोग सुचवला. वाद चालू असताना थांबा आणि एक नियम करा. आधीच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत सांगायची, आणि ‘बरोबर, हेच म्हणायचं होतं मला’ असं त्याने म्हटल्यावरच आपला मुद्दा मांडायचा.

आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडायची परंपरा जुनी आहे. प्रतिपक्षाचं मत नीट मांडल्याशिवाय स्वतःचा सिद्धांत सांगायचा नाही. पण तिथे पूर्वपक्ष मांडला जातो तो पुढे खोडण्यासाठी. रॉजर्सच्या नियमात मांडणी जमली की नाही हे ठरवण्याचा अधिकार खुद्द प्रतिपक्षाकडे आहे. हा फरक लहान वाटतो, पण माझ्या मते सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं ते जोडून एक संवाद रचून पाहू. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, त्यांना नाना म्हणू. समोर पैठणकडचे मोसंबीवाले भाऊ.

“तुमचं म्हणणं एवढंच ना, की तुम्हाला पाणी पाहिजे?”

“नाही नाना. पाणी कोणाला नको असतं? माझं म्हणणं वेगळं आहे.”

“बरं, सांगा.”

“धरण झालं तेव्हा आमच्या भागातली गावं उठली. लोकांनी जमिनी दिल्या. आणि आता दर दुष्काळात पाण्यासाठी तुमच्यापुढे हात पसरायचे. पाणी येतं, पण उपकार केल्यासारखं येतं.”

नाना थोडा वेळ गप्प. “म्हणजे पाणी कमी पडतं त्याहीपेक्षा, हक्काचं असून मागावं लागतं, याचा राग जास्त आहे तुम्हाला?”

“हां. आता बरोबर बोललात.”

आता पाळी भाऊंची. नाना सांगतात की गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाचं फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरमध्ये उरकते. मजुरी, औषधं, खतं, सगळा खर्च तिथून सुरू होतो, बहुतेक कर्ज काढून. आणि पाणी जाणार की राहणार हे कळतं त्यानंतर. भाऊ म्हणतात, “तुमचं दुखणं असं दिसतं, की पाणी जाण्यापेक्षा ते ऐनवेळी जातं. पैसा बागेत ओतून झालेला असतो.” नाना म्हणतात, “तेच तर! आधी अंदाज आला असता तर पावसातच शेततळं भरून ठेवलं असतं की.”

इथे काय झालं ते बघा. भांडण ‘किती टीएमसी’वरून ‘कधी कळणार’वर आलं. परतीचा पाऊस बाकी असताना ऑगस्टमध्ये अंतिम आकडा सांगता येत नाही हे खरं. पण साठ्याचा अंदाज टप्प्याटप्प्याने दोन्हीकडच्या गावांना सारख्याच भाषेत कळवता येतो. नानांनी आपला हक्क सोडलेला नाही, भाऊंनीही नाही. पण ज्यावर काही करता येईल अशी एक गोष्ट हाती लागली, आणि ती दोघांपैकी कोणीही घरून आणलेली नव्हती.

रॉजर्स उपचारक होते, त्यांनी वादविवादाचं शास्त्र लिहिलं नाही. ते काम १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रिचर्ड यंग, ऑल्टन बेकर आणि केनेथ पाइक यांनी केलं. लेखी युक्तिवादासाठी त्यांनी जी पद्धत बसवली तीच आज रॉजेरियन युक्तिवाद म्हणून शिकवली जाते. आधी प्रश्न कोणालाही टोचणार नाही अशा शब्दांत मांडायचा. मग समोरच्याची बाजू, आणि ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरते ते. त्यानंतर आपली बाजू, तीही कोणत्या परिस्थितीत खरी ते. शेवटी, आपल्या म्हणण्यातलं थोडं स्वीकारलं तर समोरच्याचं काय भलं होईल ते. यातलं ‘कोणत्या परिस्थितीत खरी’ हे सूत्र गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांच्याकडून आलेलं. मला ते फार मोलाचं वाटतं. समोरचा कुठे चुकतो हे शोधायला वेळ लागत नाही. तो कुठे बरोबर आहे हे शोधायला डोकं चालवावं लागतं. ‘पाणी वाटेत मुरतं’ हे नाशिकचं म्हणणं कोरड्या पात्रात थोडं थोडं पाणी सोडलं तर जास्त खरं, एकदम मोठा विसर्ग केला तर कमी खरं. असं म्हटलं की वादाला मोजमाप येतं.

पण हे खरंच चालतं का? २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत एक शोधनिबंध खूप गाजला होता. दारावर येऊन केलेल्या एका छोट्या गप्पेने लोकांची मतं दीर्घकाळ बदलतात, असा त्याचा दावा. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोन तरुण संशोधक तसाच प्रयोग करायला निघाले तेव्हा त्यांना मूळ आकडेवारीत गडबड दिसली, आणि २०१५ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. त्या दोघांनी मात्र आपला प्रयोग पुरा केला. मायामीत ५६ कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारी गेले. विषय होता तृतीयपंथी आणि ट्रान्सजेंडर लोकांविषयीचा पूर्वग्रह. साधारण दहा मिनिटांच्या गप्पा. कार्यकर्ते मतदाराला विचारत, तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी कमी लेखलंय का? मग ऐकत. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पूर्वग्रह कमी झाला होता, आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता.

२०२० मध्ये त्याच दोघांनी पुढचा प्रश्न विचारला: यात काम नेमकं कशाने होतं? कार्यकर्त्यांनी नुसते मुद्दे मांडले आणि अनुभवांची देवाणघेवाण गाळली, तेव्हा परिणाम दिसेनासा झाला. दोषारोप न करता एकमेकांचे अनुभव ऐकणं, हाच त्यातला कळीचा भाग निघाला.

इस्रायलमध्ये गाय इत्झचाकोव्ह आणि आवी क्लुगर यांनी ऐकण्याचा परिणाम बोलणाऱ्यावर काय होतो हे तपासलं. लक्ष देऊन, निवाडा न करता ऐकणारा समोर असला की बोलणाऱ्याची धास्ती कमी होते, त्याला स्वतःच्याच मतातल्या विसंगती दिसतात आणि त्या सहनही होतात. मत एकदम उलटं होत नाही, त्याचं टोक बोथट होतं. मला तरी सार्वजनिक प्रश्नांत याहून मोठी अपेक्षा ठेवावीशी वाटत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकावं, झालं. तसं नाही. या पद्धतीवरची सर्वात गंभीर टीका स्त्रीवादी अभ्यासकांकडून आली: ज्यांना आयुष्यभर ऐकूनच घ्यावं लागलं, त्यांना आता आणखी समजूतदारपणा शिकवायचा? या प्रश्नाला नाशिकमध्ये उत्तर द्यायचं तर काळाराम मंदिराच्या दारातच उभं राहावं लागतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या सत्याग्रहींनी सनातन्यांची बाजू समजून घ्यायला हवी होती, असं म्हणणं घोर अन्याय होईल. ती बाजू त्यांना पाठ होती; पिढ्यानपिढ्या ते तिच्याखाली जगत होते. ऐकण्याचं देणं दाराच्या आतल्यांकडे होतं.

एमिल ब्रुनो आणि रेबेका सॅक्स यांचा २०१२ चा प्रयोग याला जवळून भिडतो. मेक्सिकन स्थलांतरित आणि गोरे अमेरिकन, पॅलेस्टिनी आणि इस्रायली, अशा जोड्या त्यांनी व्हिडिओवरून बोलत्या केल्या. एकाने आपल्या समाजाची अडचण सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. जवळजवळ रॉजर्सचाच नियम. ज्यांच्या हाती सत्ता कमी, त्यांचं मत सुधारलं ते आपलं म्हणणं ऐकलं गेल्यावर. ज्यांच्या हाती जास्त, त्यांचं सुधारलं ते दुसऱ्याचं ऐकल्यावर. म्हणजे कोणी आधी बोलावं आणि कोणी आधी ऐकावं, हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

पाण्यात वरचा आणि खालचा हा भेद जमिनीच्या उतारानेच केलाय. धरणांचे दरवाजे आपल्याकडे आहेत. हक्क कोणाचा किती, हे कायदा आणि न्यायालय ठरवेल, पण पैठणच्या माणसाचं म्हणणं त्याला ‘बरोबर’ वाटेल असं सांगण्याची पहिली पाळी नाशिककरांची आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि हे डावपेच म्हणून करून चालणार नाही. रॉजर्सने स्वतःच बजावलं होतं की समोरच्याला खरोखर समजून घेतलं तर आपणच बदलण्याचा धोका असतो. तो धोका पत्करायची तयारी नसेल तर समोरच्याला ते दोन वाक्यांत कळतं.

मोर्चात किंवा माईकपुढे यातलं काही होणार नाही. वातावरण तापलेलं असेल तर दोन्हीकडचं ऐकणारा एखादा त्रयस्थ मध्ये लागतो, हेही रॉजर्सने त्याच भाषणात सांगितलं होतं. पाच-दहा माणसं, एक खोली आणि १५ ऑक्टोबरच्या बरंच आधीची तारीख एवढं जमलं तर सुरुवात होईल. नाशिककडून पहिलं कोणाला बोलवायचं, तेही मला सुचतं: येवल्याकडच्या, पालखेडच्या डाव्या कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला. आवर्तन सुटलंय असं ऐकायचं, वरच्यांची शेतं भिजताना बघायची आणि आपल्या चारीत पाणी येतं का म्हणून रात्री बॅटरी घेऊन कालव्यावर जायचं, हे त्याला चांगलं माहीत आहे. जायकवाडीच्या खालच्या माणसाचं म्हणणं त्याला कोणी शिकवावं लागणार नाही.